खेळाडूपुढे एकटं बसण्याआधी: तास मोजायचे की काम ऐकायचं?

अर्धवेळ_मन
क्रीडामानसशास्त्रात एम.ए. करतेय, शेवटचं वर्ष. एका ज्युनिअर संघाबरोबर इंटर्नशिप चालू आहे आणि वहीत आजवर १७० तास जमा आहेत. सुपरवायझरबाईंशी आठवड्याला तासभर बोलणं होतं. पण त्यांनी माझं एकही सत्र पाहिलेलं नाही की ऐकलेलं नाही. मी सांगेन तेवढंच त्यांना कळतं. आणि मी सांगणार काय? जे जमलं ते, फार तर जे चुकलं असं माझं मलाच वाटलं ते. चुकलं आणि मला कळलंही नाही, असं काही असेल तर ते त्या तासात येणार कुठून?

अमेरिकेतल्या ए.ए.एस.पी. या क्रीडामानसशास्त्राच्या संघटनेचं सी.एम.पी.सी. हे प्रमाणपत्र (खेळाडूंना मानसिक तयारीत मदत करणाऱ्यांसाठीचं) घ्यायचं तर देखरेखीखालचे ४०० तास लागतात, त्यातले किमान २०० थेट अशिलांबरोबर, म्हणजे आपण ज्यांना मदत करतो त्यांच्याबरोबर. आमच्या वर्गात हे आकडे सगळ्यांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. "तुझे किती झाले?" हा एकच प्रश्न. "तू काय बोललीस?" असं कुणी कुणाला विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. तासांची अट काढून टाका. त्याऐवजी दहा सत्रं रेकॉर्ड करा आणि सुपरवायझरसोबत वाक्यावाक्याला थांबून ऐका. ही दहा सत्रं ज्याला पेलली, त्याला द्या परवाना. बोला.

निवृत्त_गोलरक्षक
साफ असहमत. मी दोन इंटर्न अनुभवलेत, खुर्चीच्या पलीकडच्या बाजूने.

पहिला आला तो श्वसन, कल्पनाचित्रण, स्वसंवाद अशी सगळी हत्यारं परजूनच. पहिल्याच आठवड्यात मला डोळे मिटून पेनल्टी अडवायला लावली. शिकवत चुकीचं नव्हता. पण मी संघातून वगळला गेलो होतो, पेनल्टीचा प्रश्नच उरला नव्हता. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याची सत्रं रेकॉर्ड करून ऐकली असती तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

दुसरी महिनाभर काहीच करत नव्हती. सरावाचे शंकू लावायची, बाटल्या भरायची, बसमध्ये मागे बसायची. आम्हाला वाटलं हिला काही येत नाही. मग माझा खांदा निखळला आणि फिजिओच्या खोलीत ती शेजारी येऊन बसली. तेव्हा मी बोललो, कारण तोवर ती आमच्यातली झाली होती. तो महिना तुमच्या दहा रेकॉर्डिंगमध्ये कुठे बसवणार? असं काम बंद दाराआड होत नाही. बसमध्ये होतं, बोळात होतं, राखीव खेळाडूंच्या बाकावर होतं. तिथे मायक्रोफोन नसतो.

अर्धवेळ_मन
हे लागलं. पण मग ते तास मी कशात मांडू? पहाटे सरावाला जाऊन नुसती उभी राहते, त्याची "थेट काम" म्हणून नोंद करायला लाज वाटते.

जुनी_वही
बरीच वर्षं सुपरवायझर आहे, म्हणून दोन गोष्टी.

एक, नियम तुला वाटतो तितका आंधळा नाही. मार्गदर्शकाने काम प्रत्यक्ष पाहावं किंवा रेकॉर्डिंग ऐकावं, हे सी.एम.पी.सी.च्या चौकटीत धरलेलंच आहे. तू मागतेस ते आधीच कागदावर आहे, कमी पडतेय ती अंमलबजावणी. बाईंकडे जाऊन स्पष्ट माग. आमच्यातल्या काहींना तेवढं ढोसावं लागतं. (आळस म्हणा, पण एका सत्राचं रेकॉर्डिंग नीट ऐकायला सत्राच्या दुप्पट वेळ जातो आणि त्याचं मानधन कुणी देत नाही.)

दुसरी, नुसतं उभं राहणं थेट कामात धरू नकोस, पण वहीत जरूर लिही. कुणाशेजारी उभी राहिलीस, कुणाला टाळलंस, प्रशिक्षकाच्या कोणत्या विनोदावर हसलीस. माझ्या इंटर्नांच्या चुका मला सत्रांपेक्षा अशा नोंदींत जास्त सापडल्या आहेत. एक मुलगा सहा आठवडे फक्त जिंकणाऱ्या खेळाडूंशी बोलत होता. त्याला पत्ताच नव्हता.

शिट्टी
मी प्रशिक्षक. मला एवढंच सांगा. माझी खेळाडू गप्प गप्प आहे, काय झालं म्हणून इंटर्नला विचारलं तर "गोपनीय आहे सर". तेच ती सुपरवायझरला सांगते, आता तर रेकॉर्डिंगही ऐकवणार म्हणता. म्हणजे गोपनीय फक्त माझ्यापासून?

जुनी_वही
मुख्यतः हो, तुमच्यापासूनच. राग मानू नका. सुपरवायझर संघ निवडत नाही, तुम्ही निवडता. मी ऐकणार आहे हे खेळाडूला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं आणि तिच्या संमतीनेच ते होतं. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेही आधी सांगितलेलं असतं.

हा घोळ या विषयाइतकाच जुना आहे. कोलमन ग्रिफिथने इलिनॉय विद्यापीठात १९२५ मध्ये क्रीडा संशोधनाची प्रयोगशाळा काढली. १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या मालकाने, फिलिप रिग्लीने, त्याला कामावर घेतलं. ग्रिफिथ खेळाडूंची मापं काढायचा, निरीक्षणं करायचा आणि अहवाल पाठवायचा थेट मालकाकडे. व्यवस्थापक (बेसबॉलमध्ये हाच मुख्य प्रशिक्षक) चार्ली ग्रिमला तो डोळ्यांपुढे नको होता, मग खेळाडू तरी का मोकळे होतील? ज्ञानात तो कुणाला हार जाणारा नव्हता. "तुझा कागद जातो कुणाकडे?" असं त्याला वेळेवर विचारणारं वरचं माणूस मात्र नव्हतं, कारण या वाटेवरचा पहिला तोच. इंटर्नशिपच्या पहिल्या बैठकीत मी हाच प्रश्न विचारते.

शिट्टी
ग्रिमची बाजू मला थोडी कळते. बाकी पटलं, आवडलं नाही.

हिशेबनीस
सगळे तत्त्वावर बोलताहेत, पैशावर कुणीच नाही. ४०० तास बिनपगारी म्हणजे आठवड्याला दहा धरले तर चाळीस आठवडे. हे कुणाला परवडतं? ज्याच्या घरी परवडतं त्याला. शिवाय संघाला दरवर्षी फुकट इंटर्न मिळत असेल तर पूर्णवेळ माणूस ते नेमतील कशाला? त्यामुळे धागाकर्तीला +१. कारण मात्र माझं वेगळं आहे.

निवृत्त_गोलरक्षक
पैसे द्या हे मान्य. म्हणून तास कापा हे कुठून आलं? शिकाऊ डॉक्टरांची पिळवणूक होते, म्हणून कुणी ड्यूटीच रद्द करा म्हणत नाही.

अर्धवेळ_मन
वरचं वाचून एक सांगावंसं वाटतं. गेल्या महिन्यात [हा भाग मी काढला आहे]. थोडक्यात, एका मुलीबरोबर तीन आठवडे मी ध्येयनिश्चितीचे तक्ते भरत बसले होते आणि प्रश्न भलताच होता, माझ्या आवाक्याबाहेरचा. तो फिजिओच्या लक्षात आला. दर आठवड्याला बाईंना मी सांगत होते, "छान चाललंय."

जुनी_वही
काढलास ते बरं केलंस. मी वाचलं होतं आणि संघातल्या कुणीही पाच मिनिटांत ओळखलं असतं. टोपणनाव तुला आहे, तिला नाही. हेही बाईंना सांग, उद्याच.

बाकी, असं माझ्याही हातून झालंय. आपल्याला येतं तेच समोरच्याला हवंय असं वाटायला लागतं. आवाक्याबाहेरचं ओळखून क्लिनिकल, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या माणसाकडे पाठवणं कुठल्याही तक्त्यापेक्षा अवघड, आणि ते शिकायला कुणीतरी वरून ऐकत असावं लागतं.

निवृत्त_गोलरक्षक
पण दहा सत्रांत हे सापडलं असतं?

अर्धवेळ_मन
पहिल्याच सत्रात सापडलं असतं. तिने ते वाक्य तेव्हाच उच्चारलं होतं, मीच पुढे सरकले. पण ती मुळात माझ्याशी बोलली ती १७० तासांमुळे, हेही खरं. तेव्हा तासांची अट काढा हे मागे घेते. ऐकण्याची अट सोडत नाही.

आता व्यवहाराचं सांगा. संमती कशी मागायची? खेळाडू अल्पवयीन आहेत.

जुनी_वही
पालकांची लेखी घे, आणि मुलीचीही वेगळी विचार. पालकांचा होकार तिचा धरू नकोस. कोण ऐकणार, कधी पुसणार, हे त्याच कागदावर. आणि नकार दिला तरी सत्र होणारच, हे तोंडी सांग.

निवृत्त_गोलरक्षक
आणि रेकॉर्डर खेळाडूच्या हाताशी ठेवा, बंद करायचं बटण त्याच्याकडे. मी असतो तर दोनदा दाबलं असतं.

शिट्टी
माझ्याकडे कुठलं बटण?

जुनी_वही
संघाची यादी आहे की तुमच्याकडे.