गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खाजनातला गुळगुळीत काळसर साप: बिनविषारी की समुद्रसाप?

मानसकाठ: आमच्या खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीच्या) मानशीला, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराला, लावलेल्या जाळ्यात ओहोटीला दीडेक फुटाचे काळपट साप अडकतात. अंग गुळगुळीत, ओठावर फिकट पट्टी. कामगार समुद्रसाप समजून मारतात. हा दलदलीतला निरुपद्रवी साप असेल का? ओळखायचा कसा, सोडवायचा कसा?

कांदळवन: आधी शेपूट बघा, रंग नंतर. समुद्रसापाची शेपूट वल्ह्यासारखी चपटी असते. तशी दिसली तर हात लावायचाच नाही, मेलेला वाटला तरीही. शेपूट गोल व निमुळती, खवले गुळगुळीत, अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या १७ ओळी आणि पोटालगतच्या ओळी फिकट असतील, तर तो गेरार्डा प्रेवोस्टियाना, तुम्ही म्हणता तो दलदलीतला साप. खवले खरखरीत, बारीक डोळे डोक्यावर वरच्या बाजूला आणि डोळ्यातून काळी रेघ, तर तो सर्बेरस हा दुसरा साप. खाडीत जास्त करून हाच दिसतो. दोघांचेही विषदंत जबड्यात मागे असतात, माणसाला धोका नाही. चावलाच तर जखम साबणाने धुवा.

गेरार्डा फक्त चोडणचा नाही, श्रीलंकेपासून सिंगापूरपर्यंतच्या कांदळवनांत सापडतो. खातो ते नुकतीच कात टाकलेले मऊ खेकडे. आख्खा गिळता येत नसेल, तर स्वतःच्या शरीराचा वेढा घालून खेकडा त्यातून ओढतो आणि पाय, कवच तोडून तुकड्यांनी खातो. साप भक्ष्य फाडून खात नाहीत हा समज २००२ मध्ये 'नेचर'मधल्या संशोधनाने मोडला. असला प्राणी फावड्याखाली जावा, याचं फार वाईट वाटतं.

खाजनरक्षक: सोडवताना ओढू नका. नायलॉनचा दोरा खवल्यांखाली रुततो, ओढलं की कातडी फाटते. आधी जाळं पाण्याबाहेर घ्या. साप हवेत श्वास घेतो, बुडालेल्या जाळ्यात गुदमरतो. डोक्यावर ओलं फडकं टाका आणि बोथट टोकाच्या कात्रीने एकेक दोरा कापा, आधी मानेजवळचा. मग झाकणाला भोकं असलेल्या बादलीत ठेवून तिथल्याच खाऱ्या पाण्याच्या कडेला सोडा. विहिरीत किंवा गोड्या तळ्यात सोडू नका, तिथे त्याचं खाणंच नाही.

पण हे सगळं ओळख पक्की असेल तरच. बांधावर नाग, घोणसही फिरतात. जरा शंका आली तर वनखात्याला बोलवा.

कांदळवन: समुद्रसाप चावला तर वेदना जवळपास नसते, म्हणून लोक घरी बसतात. अर्ध्या तासापासून काही तासांत स्नायू दुखतात, आखडतात, लघवी गडद होते. आपल्याकडची नेहमीची सर्पविषप्रतिबंधक लस त्यावर चालत नाही. बांधाबांध, चिरा नकोत. तो अवयव हलू देऊ नका, १०८ लावा आणि थेट बांबोळीच्या सरकारी इस्पितळात (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) न्या.