मदत हवी आहे : चित्तप्रसाद यांची चित्रं नाटकात कशी आणावी?

नमस्कार मंडळी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांवर दीर्घांक बसवतोय. त्याचा पाया आहे चित्तप्रसाद यांची १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातली काळ्या शाईची रेखाटनं. मेदिनीपूर पायी फिरून त्यांनी ती काढली. त्या फेरीवरच्या त्यांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिशांनी जप्त करून जाळल्या. पुढे ते अंधेरीत राहिले, त्यामुळे मला ती चित्रं परकी वाटतच नाहीत.

अडचण अशी, की चित्रं पडद्यावर दाखवली की प्रेक्षक प्रदर्शनात आल्यासारखे गप्प होतात. नटांनी त्या बायामुलांचं बसणं, वाकणं अंगात घ्यावं असं फार वाटतं, पण तालमीत त्याचे नुसते पुतळे होतायत. असं काम कुणी केलंय का? सुरुवात कुठून केलीत?

चित्रकार १९७८ मध्ये गेले, म्हणजे स्वामित्वहक्क अजून लागू आहेत. पोस्टरसाठी परवानगी कुणाकडे मागायची?