मदत हवी आहे: खडक तयार झाला तेव्हा त्यात किती शिसं होतं, हे कसं कळतं?

जीवाश्मांच्या वयाबद्दल वाचताना दोन ठिकाणी अडले आहे. जाणकारांनी कृपया समजावून सांगा.

कार्बन-14चं अर्धायुष्य (क्षय होत निम्मं उरायला लागणारा काळ) 5,730 वर्षं, त्यामुळे साधारण 50,000 वर्षांपलीकडे त्याचा उपयोग नाही. डायनोसॉरच्या काळासाठी युरेनियम-शिसं किंवा पोटॅशियम-आर्गॉन या पद्धती वापरतात, इथवर कळलं. पण शिलारस थिजून स्फटिक बनले की मग ही मोजणी सुरू होते. जीवाश्म तर बहुतेक गाळाच्या खडकात सापडतात, आणि त्यातले वाळूचे कण कुठल्यातरी जुन्या डोंगराची झीज होऊन आलेले असतात. कणाचं वय काढलं तर ते त्या डोंगराचं येणार, थराचं नाही. मग थराचं वय जीवाश्मावरून ठरवायचं आणि जीवाश्माचं थरावरून?

दुसरी शंका मला जास्त छळते आहे. युरेनियमचं शिसं होतं हे मान्य, पण स्फटिक बनतानाच त्यात थोडं शिसं नव्हतं कशावरून? सगळं गणित त्यावर उभं आहे, म्हणून 'तसं गृहीत धरतात' एवढ्यावर समाधान होत नाही.

प्रतिसाद १:
दुसरी शंका आधी घेतो, कारण ती फार नेमकी आहे. त्यासाठीच झिरकॉन हे खनिज निवडतात. त्याचा स्फटिक बनताना झिरकोनियमच्या काही जागी युरेनियम सामावतं, शिसं जवळपास सामावतच नाही. तरी थोडं शिरलं असेल तर शिसं-204 हा शिशाचा एक प्रकार मोजतात. ते कुठल्याही किरणोत्सारी क्षयातून बनत नाही, त्यामुळे मूळचं शिसं किती हे त्यावरून काढून वजा करता येतं. शिवाय एकाच कणात दोन घड्याळं असतात, कारण युरेनियमचे दोन प्रकार वेगवेगळ्या वेगाने शिशात बदलतात: युरेनियम-238चं अर्धायुष्य सुमारे 447 कोटी वर्षं, युरेनियम-235चं सुमारे 70 कोटी. मध्येच शिसं निसटलं तर दोन्हींची उत्तरं सहसा जुळत नाहीत, आणि गडबड तिथेच पकडली जाते.

थरांचं म्हणाल, तर ज्वालामुखीची राख शोधतात. गाळाच्या थरांमध्ये ती अधूनमधून पसरलेली असते. जीवाश्माच्या खाली एक राखेचा थर आणि वर दुसरा मिळाला, की वय त्या दोघांच्या मध्ये. वर्तुळ होत नाही, कारण जीवाश्मांचा क्रम थरांच्या खालीवर असण्यावरून आधीच ठरला होता. थर जीवाश्मांवरून ओळखणाऱ्या विल्यम स्मिथचा भूशास्त्रीय नकाशा 1815चा, किरणोत्साराचा शोध 1896चा. आकडे नंतर आले.

मूळ लेखिका:
वजाबाकी अगदी नीट कळली, मनापासून आभार! पण राखेतले काही झिरकॉन उद्रेकाच्या कितीतरी आधीचे असले तर?

प्रतिसाद २:
असतातच. म्हणून एका कणावर विसंबत नाहीत. अनेक कण वेगवेगळे मोजतात आणि सर्वांत तरुण, एकमेकांशी जुळणाऱ्या कणांचा गट उद्रेकाच्या सर्वांत जवळचा मानतात.