पुस्तक संपलं, आता?

पुस्तक संपलं की मी मलपृष्ठ, मुद्रकाचा पत्ता, किंमत, सगळं वाचून काढते. लगेच उठवत नाही, दुसरं उघडवत तर त्याहून नाही. सोलापूरकरांनो, तुमचं काय होतं? ‘भारावून गेलो’ नको, प्रत्यक्ष काय करता ते लिहा.

निवृत्त बँक कर्मचारी, साखर पेठ
वहीत तारीख, पुस्तकाचं नाव आणि चार ओळी. गोष्ट लिहीत नाही, कुठं अडलो ते लिहितो. वाचनालयाचं पुस्तक मुदतीत परत द्यावं लागायचं, तेव्हाची ही सवय. आता पुस्तकं स्वतःची असली तरी सुटत नाही.

पुण्याला नोकरी, घर जुळे सोलापूर
काही नाही, दुसरं काढतो. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये कुर्डुवाडीलाच पुस्तक संपलं आणि पिशवीत दुसरं नसलं, तर पुढं करायचं काय?

शिक्षक, विजापूर रोड
माझे पाय चालायला लागतात. इंग्रजांनी 1930 साली सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉबद्दल, म्हणजे लष्करी अमलाबद्दल, वाचत होतो. शेवट ठाऊकच होता: 12 जानेवारी 1931, येरवडा, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी. तरी पुस्तक मिटून गाडी काढली आणि या चौघांच्या पुतळ्यांपाशी जाऊन थांबलो. ‘चार पुतळा’ म्हणजे आपल्याकडं रिक्षातून उतरायचं ठिकाण. त्या दिवशी एकेकाचं नाव वाचत उभा राहिलो. मग गावाकडं चुलत आजोबांना फोन. गांधी टोपीवर तेव्हा सैनिकांचा राग होता, हे पुस्तकात होतं. त्यांच्या वडिलांनी टोपी धान्याच्या कणगीत लपवल्याचा किस्सा घरी सांगतात, तो पुन्हा नीट ऐकून घेतला. युद्धात चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा केलेल्या डॉ. कोटणीसांचं चरित्र संपलं तेव्हा भैय्या चौकातल्या स्मारकात असाच गेलो होतो. बायको आता पुस्तक कशावरचं आहे ते विचारूनच स्वयंपाकाला लागते.

कॉलेज विद्यार्थिनी, पूर्व भाग
आई विड्या करते. आमच्या घरात तेलुगू. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. ती मांडीवर सूप घेऊन बसली की मी शेजारी बसून संपलेली कादंबरी तेलुगूत सांगते. हजार विड्या होईपर्यंत निम्मी गोष्ट होते, उरलेली दुसऱ्या दिवशी. हात थांबत नाहीत, पण मधेच निकाल देते: “सासऱ्यानं आधीच तोंड उघडायला पाहिजे होतं.” एका पुस्तकात नायिका शेवटी परत सासरी जाते. आईला ते सोसणार नाही असं वाटून मी तिला माहेरीच ठेवलं, शिवणाचं दुकान काढून दिलं. आईनं विड्या द्यायला गेल्यावर तिथल्या बायकांना तीच गोष्ट सांगितली. आता एकीची मुलगी ते पुस्तक वाचायलीय. काय होतंय बघू.

गृहिणी, होटगी रोड
लगेच मैत्रिणीला देते. अट एकच, समासात पेन्सिलीनं लिहायचं. चौघींत फिरून प्रत आली की माझं दुसरं वाचन सुरू, तेही फक्त समासांचं. मागच्या पुस्तकात भांडणं आहेतच, वर शेंगा चटणीचा तेलकट अंगठाही आहे. अजून कोणी कबूल नाही.

त्या चौघींतली एक
अंगठा माझा नाही, मी चटणी दह्यात कालवून खाते. ‘हा माणूस बिनकामाचा’ हे मात्र मीच लिहिलंय, आणि अजूनही तेच म्हणणं आहे.