शिक्षण जर्मनीत, कर्ज यवतमाळात: राहायचं की परतायचं?

पैनगंगाकाठ:
बी.एस्सी. कृषी अकोल्याहून केलं, आता जर्मनीत पीकशास्त्रात एम.एस्सी. चालू आहे. चौथं सेमिस्टर. थिसिस पाचव्यात जाणार हे नक्की. कर्ज १५ लाख, साडेदहा टक्के, तारण गावातलं घर. घरी सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. राहायचं की परत यायचं हे ठरत नाही, आणि ते ठरत नाही म्हणून कशालाच हात लागत नाही. दर रविवारी फोनवर "मंग पुढं काय?" बाबा म्हणतात, कापूस विकून व्याज भरतो. शिवाय तीन एकर माझ्या नावे करायचं म्हणतात, "परत आली तं आधार राहीन". धीर देणारे खूप आहेत, मला तारखा आणि आकडे हवेत. आधी काय करू?

कागदी_घोडा:
ताई, राहायचं की परतायचं हे आज ठरवलंच पाहिजे असं नाही. पुढचे आठ-दहा महिने दोन्हीसाठी कामं तीच आहेत.

पदवीनंतर काम शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. तो त्यापुढे वाढत नाही. म्हणून थिसिस जमा झाल्या झाल्या विद्यापीठातून नाव काढून घ्यायची घाई करू नका. नाव निघालं की विद्यार्थ्यांचा विमादर संपतो आणि स्वतःच्या पैशाने भरायचा सरकारी विमा महिन्याला २०० युरोंच्या वर जातो. उलट बाजूही बघा: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात असाल तर जादा सेमिस्टरची फी १,५०० युरो. निकाल कोणत्या महिन्यात हाती येईल ते परीक्षा विभागाला विचारा आणि मग हिशोब लावा. नोकरीचे अर्ज मात्र थिसिस चालू असतानाच सुरू करा. विद्यार्थी असताना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवसच काम करता येतं. त्या १८ महिन्यांत ही मर्यादा नसते, पोटापाण्यासाठी कोणतंही काम चालतं.

नव्या परवान्याचा अर्ज हातातलं वास्तव्याचं कार्ड संपायच्या आत गेला पाहिजे. परकीय नागरिकांच्या कार्यालयात भेटीची वेळ मिळायलाच महिने लागतात. वेळेत अर्ज केला असेल तर मधल्या काळासाठी 'फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग' नावाचा कागद मिळतो. दिवाळीला घरी यायचं असेल तर तो नीट वाचा: त्यावर कलम ८१ चं उपकलम ४ असेल तरच परत जर्मनीत शिरता येतं. तिकीट आधी काढून पुष्कळ जण अडकतात.

आता नोकरीचं. ब्लू कार्डाच्या, म्हणजे चांगल्या पगाराच्या पदवीधरांना मिळणाऱ्या काम-परवान्याच्या, पगाराची अट ऐकून पोरं उगाच हबकतात. ताज्या पदवीधरांसाठी २०२५ ला ती वर्षाला ४३,७५९.८० युरो होती, दरवर्षी बदलते. पगार त्याखाली असला तरी कुशल कामगाराचा साधा परवाना आहेच. नोव्हेंबर २०२३ पासून काम तंतोतंत तुमच्याच विषयातलं असावं अशी सक्तीही राहिली नाही, कुशल काम असलं की झालं. म्हणजे बियाणे पैदाशीत नाही जमलं तर अन्नप्रक्रियेची गुणवत्ता तपासणी, खतं, प्रयोगशाळा हेही चालतं. जर्मन पदवीवर असा परवाना दोन वर्षं झाला, पेन्शनचे २४ हप्ते भरले आणि बी-१ पातळीचं जर्मन असलं, तर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो.

हप्तेवाला_भाऊ:
कर्जाचं माझ्याकडून ऐका. पयले मंजुरीचं पत्र काढा. बहुतेक सरकारी बँकांत कोर्स अधिक एक वर्ष हप्ता न भरायची सवलत असते, पण कोर्स म्हणजे पत्रात लिहिलेली तारीख. थिसिस खरंच कवा संपला हे बँक आपणहून पाहत नाही. पाचवं सेमिस्टर होणार असन तर आताच विद्यापीठाचं नोंदणीपत्र अन् गाईडचं नव्या तारखेचं पत्र, दोन्ही इंग्रजीत, शाखेत द्या. अर्जाची पोच घ्याच. साहेब बदलला की तोंडी बोललेलं गेलं.

सगळी उचल झाली असं धरलं तर महिन्याचं व्याज १३,१२५. सवलतीच्या काळात हे सरळ व्याज असते. काहीच न भरता तीन वर्षांचं साचलं तर ४,७२,५०० मुद्दलात चढतात अन् १० वर्षांचा हप्ता २६,६०० च्या आसपास जातो. व्याज भरत गेलं तर तोच २०,२४० च्या आसपास राहते.

बाबाचा कापूस मात्र यात घालू नका. वर्षाचं व्याज १,५७,५००. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० धरला तरी साडेएकोणीस क्विंटल कापूस नुसता व्याजाले. वेचाई, फवारणी, खत त्याच्यातूनच भागवाचं हाय, अन् व्यापारी हमीभाव देईनच असं कुठं हाय? अजून एक गोम: ३ लाखापर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं की आपल्याकडं शून्य टक्क्यानं पडते. कापसाचा पैसा तिकडं वळला अन् पीककर्ज थकलं, तर बिनव्याजी कर्जाले व्याज लागते अन् पुढच्या खरिपाले बँक दारात उभं करत नाही. व्याज तुम्हीच तिथून पाठवा. युरो १०० रुपयाचा धरला तर १३१ युरो. सरळ कर्जखात्यात टाका. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसूट बाबाच्या कामाची नाही, शेतीचं उत्पन्न करमुक्तच असते.

रोहिणी_मृग:
शेतीतल्या नोकऱ्यांबद्दल दोनच गोष्टी. आयटीत इंग्रजीवर निभतं, प्रयोगक्षेत्रावर नाही. तिथे मजूर, ट्रॅक्टरवाला, शेतकरी सगळे जर्मनच बोलतात, त्यामुळे बी-२ चं बघा. 'फोक्सहोखशूल' म्हणजे प्रौढशिक्षण केंद्राचे संध्याकाळचे वर्ग स्वस्त असतात. दुसरं, जाहिरातीत 'वर्ग बी' लिहिलेलं असतं तो वाहन परवाना. प्रयोगाची शेतं गावाबाहेर, बस नाही. भारतीय लायसन्स तिथे राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतं, पुढे लेखी आणि गाडी चालवायची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. अर्ज करायच्या आधी हे उरकलं तर बरं.

आणि परत यायचंच ठरलं तर घराची नोटीस साधारण तीन महिने आधी द्या आणि निघताना पत्त्याची सरकारी नोंद रद्द करा. नाहीतर रेडिओ-टीव्हीचे महिना १८.३६ युरो मागे लागतात.

पैनगंगाकाठ:
पीककर्जाचं डोक्यातच नव्हतं, आज बाबांना सांगते. तीन एकराचं काय?

जुना_सातबारा:
बक्षीसपत्र अजिबात नको. परदेशात शिकायला गेलेला विद्यार्थी फेमा या परकीय चलन कायद्याने अनिवासी धरला जातो, आणि अनिवासीला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाने येते ती चालते. त्यामुळे सातबारा आहे तसा राहू द्या. जमीन वडिलोपार्जित असून वाटणीचा विचार असेल तर तहसीलला जाण्याआधी कागद वकिलाला दाखवा. मुदतवाढीसाठी बँक सही मागेल, तेव्हा बाबांच्या नावे कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवा, आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्या.