दहापैकी दहा मिळत नाहीत म्हणून मुलांची फिजिओ बंद करायची?

म्हापशेकर_फिजिओ: डिचोलीकरांची कालची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. म्हणे "सीपीच्या (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचाली अवघड झालेल्या) मुलांच्या फिजिओचा पेड्रोवर (फिजिओच्या ट्रायलचा दर्जा मोजायच्या मोजपट्टीवर) दहापैकी दहावाला एक तरी ट्रायल दाखवा, नाहीतर पालकांना लुबाडणं थांबवा." अहो, पेड्रोचे ते अकरा मुद्दे वाचा तरी. पहिला मोजतच नाहीत. उरलेल्या १० मधला एक म्हणजे मूल कुठल्या गटात आहे, उपचाराच्या की तुलनेच्या, हे थेरपिस्टला कळता कामा नये, एक म्हणजे पेशंटला कळता कामा नये. औषधाच्या ट्रायलला खोटी गोळी देता येते. मी पोराचा चांगला हात मिटनमध्ये अडकवून दुसऱ्या हाताने मणी उचलायला लावतोय, ते मला आणि त्याच्या आईला कळणार नाही होय? आमच्यात ८ मिळाले की गंगेत घोडं न्हालं.

डिचोलीकर: बरं, ते दोन मार्क सोडले. बाकीच्या आठांचं काय? वाटप लपवून केलं का, म्हणजे पुढचं मूल कुठल्या गटात जाणार हे घेणाऱ्याला आधी कळलं नाही ना, मोजणाऱ्याला गट माहीत होता का, हे करायला कुणी अडवलं होतं? माझ्या भाच्याला आम्ही कित्येक वर्षं बॉबाथ बॉबाथ (मुलाला हाताळून हालचाली वळणावर आणायची थेरपी) करत नेलं. २०१३ साली इओना नोवाक यांच्या टीमने सगळा पुरावा चाळून सिग्नलसारखा हिरवा-पिवळा-लाल लावला, हिरवा म्हणजे करा, लाल म्हणजे करू नका, तर तेच बॉबाथ, म्हणजे एनडीटी, लाल. आम्हाला कोण बोललं?

म्हापशेकर_फिजिओ: त्याच पेपरात हात अडकवून करायची थेरपी हिरवी आहे, घरी करायचा प्रोग्रामही हिरवा. तुम्ही लाल तेवढं वाचलंत.

सत्तरीची_आई: घरचा प्रोग्राम करतं कोण ते विचारा ना एकदा. हातात झेरॉक्स देतात, काड्यांची माणसं आणि बाण, खाली "रोज करणे". पोर रडतं, सासू म्हणते कशाला छळतेस, तिकडे चुलीवर आमटी उतू जाते. आणि पुढच्या तपासणीला पावसात पोराला कडेवर घेऊन दोन बस बदलायच्या, वर "नियमित येत नाही" हेही आपणच ऐकायचं.

फोंडेकर: बाय, प्रत्येक धाग्यावर बसचंच. विषय ट्रायलच्या दर्जाचा आहे.

सत्तरीची_आई: तोच बोलतेय मी! पेड्रोत ८५ टक्क्यांहून जास्त मुलांचं मोजमाप मिळालं का हा मुद्दा आहे की नाही? मध्येच सुटतात कोण, ज्यांच्या दारात गाडी नाही ते. मग निकाल उरतो गाडीवाल्यांच्या मुलांचा आणि तोच आमच्या माथी.

फोंडेकर: आवाज चढवायची गरज नाही.

सत्तरीची_आई: आहे. शांतपणे विचारलं तर कोणी ऐकत नाही.

डिचोलीकर: ताईंचा मुद्दा मानावा लागेल. पण मग मोजणाऱ्यांनी घरी जावं की. आणि मूठभर मुलांवर ट्रायल करून छाती काढणं कधी थांबणार?

म्हापशेकर_फिजिओ: २००९ चा घरच्या प्रोग्रामचा ट्रायल ३६ मुलांचा होता, तोही ऑक्युपेशनल थेरपीचा. मोजणाऱ्याला गट माहीत नव्हता. ८ आठवडे केलेल्यांची रोजची कामं काहीच न केलेल्यांपेक्षा सुधारली. छोटा होता पण नीट केलेला. बाकी वाटप न लपवणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही, तिथे तुमचं बरोबर, झालं?

डिचोलीकर: झालं नाही. भाच्याची वर्षं गेली ती गेलीच.

सत्तरीची_आई: पुढचा ट्रायल इथे करणार असाल तर आयांच्या बसभाड्याचा खर्च आधी प्रस्तावात लिहा, मग मुलं मागा.