ख्याल ऐकण्यासाठी स्पीकर बदलावेत, की आधी खोली?

जळगावचा श्रोता:

नमस्कार. वडिलांनी १९९४ साली घेतलेले स्पीकर आमच्या घरात आजही रोज वाजतात. वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर) आठ इंची असून त्याच्या कोनाभोवतीची लवचीक कड फोमची आहे, आणि जोडीला दर चॅनेलला ४० वॅटचा ॲम्प्लिफायर आहे. खोली १४ बाय १२ फुटांची असून खाली शहाबादी फरशी आहे आणि भिंती उघड्या आहेत. स्पीकर रुंदीच्या भिंतीच्या दोन कोपऱ्यांत ठेवले आहेत, तर दिवाण समोरच्या भिंतीला टेकवलेला आहे. मी मुख्यतः ख्याल ऐकतो आणि माझ्या तक्रारी दोनच आहेत : डग्ग्याचा ठोका घुमत राहून पुढच्या ठोक्यात मिसळतो, आणि तान तार सप्तकात गेली की आवाज कर्कश होतो. नव्या स्पीकरसाठी ६०,००० रुपये बाजूला ठेवले होते. मात्र मित्राकडची नवी, महागडी जोडी एका रात्रीपुरती आणून लावली, तेव्हा तान सुधारली, पण डग्गा जसाच्या तसा घुमला. त्यामुळे मी गोंधळलो आहे. उभे मोठे स्पीकर घ्यावेत, स्टँडवरचे छोटे घ्यावेत, की आधी ॲम्प्लिफायर बदलावा?

भुसावळहून:

भाऊ, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. स्पीकर बदलूनही जो दोष जागचा हलत नाही, तो स्पीकरचा नसतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे १४ फुटांच्या लांबीत ४० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ४० कंपनांचा) आणि त्याच्या दुप्पट ८० हर्ट्झचा स्वर दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. १२ फुटांच्या रुंदीत हेच आकडे ४७ आणि ९४ येतात. डग्ग्याचा घुमारा बहुतांशी याच पट्ट्यात असतो. (आपल्याकडच्या मे महिन्यात हवा तापली की ध्वनीचा वेग वाढून हे आकडे किंचित वर सरकतात, पण त्याची चिंता ए.सी. घेताना करावी.) कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर हे सगळे स्वर एकदम चेतवतो, आणि भिंतीला पाठ लावून बसणाऱ्याच्या कानाशी ते सर्वांत जोरात असतात, तुम्ही नेमक्या या दोन्ही गोष्टी केल्या आहेत.

दिवाण असा ओढावा की कान मागच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर, म्हणजे लांबीच्या पाव अंतरावर, येतील. तेथे ८० हर्ट्झचा फुगवटा सर्वांत कमी असतो. स्पीकर बाजूच्या भिंतींपासून तीन फूट, म्हणजे रुंदीच्या पाव अंतरावर, आणि मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ठेवावेत, म्हणजे ९४ चा स्वर मुळात फारसा चेतणारच नाही. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. याला एक रुपयाही लागत नाही.

धुळ्याहून:

वरील हिशेब बरोबर आहे, परंतु सगळा दोष खोलीवर ढकलणे मला पटत नाही. तीस वर्षांची फोमची कड आपल्या उन्हाळ्यात टिकली असेल, यावर माझा विश्वास नाही. जाळी काढून बॅटरीच्या उजेडात कड पाहावी आणि बोटाने हलकेच दाबावी. शिवाय दीड व्होल्टचा सेल क्षणभर स्पीकरच्या तारांना लावावा; धन टोक लाल खुणेला लागताच दोन्ही वूफर बाहेरच्या बाजूला सरकले पाहिजेत. एक आत आणि एक बाहेर जात असेल, तर वायरिंग उलटे असून खर्ज परस्परांत विरतो.

कड फाटलेली असेल तर ती बदलता येते, पण दुरुस्ती करणारा पाहून निवडावा. माझ्या वूफरला एका कारागिराने, लाऊडस्पीकरला बसवतात तशी, कडक कापडी कड बसवून दिली. बाहेरून काम सुबक होते. मात्र कोन मोकळा हलेनासा झाला आणि तानपुऱ्याचा खर्ज जवळजवळ नाहीसा झाला. पैसेही गेले आणि स्पीकरही गेला. फोमच्या जागी फोम किंवा मऊ रबरच हवे.

चोपड्याहून:

कर्कशपणा उघड्या भिंतींचाही असू शकतो. बाजूच्या भिंतीवर कोणाला तरी आरसा धरून सरकवायला सांगावे. दिवाणावर बसून ज्या जागी स्पीकर दिसेल, तेथून आवाज परतून कानावर येतो. आपण कापसाच्या मुलखात राहतो, तेव्हा विकतचे पॅनेल कशाला हवेत? मी गादीवाल्याकडून चार इंच जाडीच्या दोन लहान गाद्या भरून घेतल्या, लाकडी चौकटीत बसवल्या आणि भिंतीवर टांगल्या. त्यांनी डग्ग्याचे घुमणे कमी होत नाही, त्यासाठी जाडी फारच वाढवावी लागते; पण गळ्याच्या वरच्या स्वरांची धार निश्चित उतरते.

तरीही खरेदी करायचीच असेल, तर काळी एक (हार्मोनियमच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) या स्वरात गाणाऱ्या गायकाचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झ आणि तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६९, हे लक्षात ठेवून इतका खाली नीट न उतरणारा चार इंची वूफर टाळावा. संवेदनक्षमता, म्हणजे ठरावीक वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो, तीही पाहावी, ८६ डेसिबलच्या स्पीकरला ८९ च्या इतकाच मोठा आवाज काढण्यासाठी दुप्पट वॅट लागतात. ख्यालासाठी तुमचे ४० वॅट पुरेसे आहेत. महागड्या वायरीवर मात्र खर्च करू नये. पाच मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची घरातली तांब्याची वायर चालते.

जळगावचा श्रोता:

सर्वांचे आभार. सेल लावून पाहिला, दोन्ही वूफर बाहेर सरकले. मात्र डाव्या वूफरची जाळी काढली, तेव्हा खालच्या बाजूची कड चिमटीत धरताच चुरा होऊन पडली आणि बोटांना काळा चिकट थर लागला. म्हणजे धुळ्याच्या मित्रांचा संशय खरा ठरला. तरीही, तो फाटका वूफर तसाच ठेवून, केवळ दिवाण आणि स्पीकर सांगितल्याप्रमाणे सरकवले, तेव्हा विलंबित एकतालात दोन ठोक्यांमधली जागा प्रथमच रिकामी ऐकू आली.

आता आधी फोमची कड बदलून घेतो आणि गादीवाल्याकडे माप देतो. ६०,००० रुपये तूर्त बँकेतच राहतील. पाहुणे आले की दिवाण भिंतीला परत गेला पाहिजे, अशी आईची अट आहे, म्हणून फरशीवर त्याच्या चार पायांच्या खुणा खडूने करून ठेवल्या आहेत. एकच शंका उरते : वूफरबरोबर ट्वीटरही तितकाच जुना आहे, तर कर्कशपणात त्याचा वाटा किती, हे गाद्या टांगण्याआधी कसे ओळखावे?